जीपगाडीचा क्लच

इतिहास म्हटला कीं आपल्यापुढें राजे, तह आणि लढाया उभ्या राहतात. ज्या साधनांनीं त्या लढाया लढल्या गेल्या त्यांचा उल्लेख आला तरी तो ओझरता येतो. आणि त्या साधनांच्या पोटांत दडून बसलेल्या, झिजून नाहींशा होणाऱ्या लहानसहान भागांना तर इतिहासांत जागाच नसते. आज मी अशाच एका भागाविषयीं बोलणार आहें. जीपगाडी आपण सर्वांनीं पाहिलेली आहे. तिच्या क्लचची तबकडी मात्र फारच थोड्यांनीं पाहिली असेल. कारण ती दिसते तेव्हां गाडी बहुधा उघडून पडलेली असते आणि घरांतील मंडळी मिस्त्रीच्या तोंडाकडे पाहत उभी असतात. ही तबकडी कां निर्माण झाली, ती घरच्या घरीं बदलतां येईल अशी योजना कोणीं व कशासाठीं केली, आणि त्या सोयीची किंमत कोणास कशी द्यावी लागली, हा आजचा विषय आहे.

प्रथम क्लच हवा तरी कशाला, हें पाहूं. वाफेचें इंजिन उभ्या जागेवरून ओझें ओढूं शकतें. आगगाडीचा ड्रायव्हर वाफ सोडतो, दट्ट्या रेटला जातो आणि चाकें फिरूं लागतात. इंजिन आणि चाकें यांच्यामध्यें सोडवण्या-जोडण्याचें कांहींही साधन लागत नाहीं. पेट्रोलच्या इंजिनाचा स्वभाव निराळा. तें स्वतः फिरत असेल तरच जोर करूं शकतें. थांबलें कीं त्याच्या अंगीं कांहींच बळ उरत नाहीं. उभ्या गाडीचीं चाकें त्यास एकदम जोडलीं तर गाडी हालण्याऐवजीं इंजिनच बंद पडतें. तेव्हां फिरणारें इंजिन आणि स्थिर गाडी यांची गांठ हळूहळू घालून देणारा एखादा मध्यस्थ हवा. पहिल्यानें त्यानें थोडें घसरावें, मग थोडें धरावें, आणि शेवटीं घट्ट पकडावें. हा मध्यस्थ म्हणजे क्लच. घसरणें हें त्याचें कामच असल्यामुळें झिजणें हें त्याच्या कपाळीं लिहिलेलेंच आहे.

जर्मनींतील मॅनहाइम येथें कार्ल बेन्झ यांनीं १८८५-८६ सालीं आपली तीन चाकी गाडी चालविली, तेव्हां तींत पट्ट्याची योजना होती. पिठाच्या गिरणींत पट्टा एका चाकावरून दुसऱ्यावर सरकवितात, तसाच तो तेथें सरकविला जाई. गाड्यांचा जोर वाढला तसा पट्टा अपुरा पडूं लागला आणि शंकूच्या आकाराचा क्लच आला. इंजिनाच्या जड चाकास, म्हणजे फ्लायव्हीलला, आंतून उतार देऊन एक पोकळी केलेली असे, आणि तीत चामडें मढविलेला एक शंकू स्प्रिंगच्या जोरानें जाऊन बसे. चामड्याचे रुसवेफुगवे पुष्कळ. तें सुकलें कीं एकदम धरी आणि गाडी उडी मारी. त्यास तेल लागलें कीं तें नुसतें घसरत राही. त्या काळचे मोटारचालक चामडें मऊ राहावें म्हणून त्यास एरंडेल चोळीत, आणि फार घसरूं लागलें तर त्यावर मातीची बारीक पूड टाकीत. इंग्लंडांत प्रोफेसर हेल-शॉ यांनीं अनेक पातळ चकत्या एकापुढें एक बसविलेला, तेलांत बुडालेला क्लच तयार केला. तो मऊ चाले, पण त्याची रचना गुंतागुंतीची होती.

अखेर जी रचना टिकली ती सर्वांत साधी. एकच कोरडी तबकडी, तिच्या दोन्ही अंगांस घर्षणाचें अस्तर, एका बाजूस फ्लायव्हील आणि दुसऱ्या बाजूस स्प्रिंगांनीं रेटलेली लोखंडी थाळी, जिला प्रेशर प्लेट म्हणतात. जात्याच्या दोन तळ्यांमध्यें एखादी भाकरी घट्ट दाबून धरावी, तशी ही तबकडी मध्यें धरलेली असते. दोन्ही तळ्या इंजिनाबरोबर फिरतात आणि भाकरी गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसविलेली असते. पेडल दाबलें कीं वरची तळी किंचित् मागें सरते, भाकरी सुटते आणि इंजिन मोकळें फिरूं लागतें. अमेरिकेंतील बोर्ग अँड बेक या कारखान्यानें हा एकपदरी कोरडा क्लच पुढें आणला, आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या काळांत तोच सर्वत्र रूढ झाला.

या तबकडीच्या अस्तराचाही एक इतिहास आहे, आणि पुढें त्याच्याकडे आपल्याला परत यावयाचें आहे. इंग्लंडांतील डर्बीशर परगण्यांत हर्बर्ट फ्रूड नांवाचे एक गृहस्थ होते. डोंगराळ भागांतील गाडीवान उतारावर गाडी आवरण्यासाठीं लांकडी अडसरास जुन्या बुटांचे तळवे ठोकतात, हें पाहून त्यांना घर्षणाच्या अस्तराची कल्पना सुचली, असें सांगतात. १८९७ सालीं त्यांनीं हा धंदा सुरू केला. आपल्या आडनांवांत पत्नी एलिझाबेथ हिच्या नांवाचें आद्याक्षर घालून अक्षरें फिरविलीं आणि ‘फेरोडो’ हें व्यापारी नांव बनविलें. आरंभीं हें अस्तर कापसाच्या विणीचें असे. परंतु कापूस तापला कीं करपतो. १९०८ च्या सुमारास त्यांनीं त्या जागीं ॲस्बेस्टॉस हें खनिज तंतुद्रव्य आणलें. तें जळत नाहीं, विणतां येतें, आणि स्वस्तही असतें. त्या वेळीं तें मोटारधंद्यास मिळालेलें वरदानच वाटलें.

आतां जीपकडे वळूं. १९४० च्या उन्हाळ्यांत फ्रान्स पडला आणि अमेरिकन सैन्यास हलक्या, चारही चाकांनीं ओढणाऱ्या गाडीची निकड भासली. जुलै महिन्यांत १३५ कारखानदारांना पत्रें गेलीं. पहिला नमुना ४९ दिवसांत हजर करावा, अशी अट होती. ही अट वाचूनच बहुतेकांनीं अंग काढून घेतलें. पेन्सिल्व्हेनियांतील बटलर गांवच्या बॅन्टम नांवाच्या डबघाईला आलेल्या लहानशा कारखान्यानें तें धाडस केलें. कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरनें दोन दिवसांत आराखडे काढले, आणि २३ सप्टेंबर १९४० रोजीं मुदत संपण्यास अर्धा तास उरला असतां गाडी मेरीलँडमधील होलाबर्ड छावणींत दाखल झाली. परंतु एवढ्याशा कारखान्यास हजारों गाड्या पुरविणें झेपणार नाहीं, या शंकेनें सैन्यानें तिचे आराखडे विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड यांनाही दाखविले. १९४१ च्या जुलैंत मोठी मागणी ओहायोंतील टोलेडो शहरच्या विलीजला मिळाली. बार्नी रूस यांनीं सुधारलेलें त्यांचें ६० अश्वशक्तीचें इंजिन इतरांहून बरेंच जोरदार होतें. पुढें फोर्डनेंही विलीजच्याच आराखड्याप्रमाणें गाड्या बांधल्या. युद्ध संपेपर्यंत दोघांनीं मिळून सुमारें ६,४०,००० जीपा तयार केल्या.

या संख्येपेक्षांही एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. दोन निरनिराळ्या शहरांतील दोन प्रतिस्पर्धी कारखान्यांनीं बांधलेल्या गाड्यांचे भाग एकमेकींना बसले पाहिजेत, हा सैन्याचा आग्रह होता. फोर्डवाल्यांनीं अभिमानानें आपल्या नटबोल्टांवर सुद्धां इंग्रजी ‘एफ’ अक्षर उठविलें. पण तो बोल्ट विलीजच्या गाडींत निमूटपणें बसे. बर्माच्या जंगलांत एक जीप मोडून पडली तर तिचा क्लच काढून दुसरीस बसवावा आणि दुसरी चालू करावी, हें त्यामुळें शक्य झालें. यंत्राची दुरुस्ती कारखान्यांत करावयाची नसून चिखलांत, उजेड मावळतांना, सामान्य माणसाकडून करून घ्यावयाची आहे, हें ध्यानांत ठेवून जी गाडी बांधली गेली ती ही.

हा सामान्य माणूस शिकावा कसा? अमेरिकन सैन्यानें दुरुस्तीच्या पांच पायऱ्या ठरविल्या होत्या. पहिली पायरी खुद्द चालकाची. त्याच्यासाठीं चित्रांसहित पुस्तकें छापलीं गेलीं, आणि ‘आर्मी मोटर्स’ नांवाच्या मासिकांत विल आयझनर या व्यंगचित्रकारानें ‘जो डोप’ नांवाचा एक बावळट शिपाई रंगविला. हा शिपाई तेल पाहत नसे, नट आवळीत नसे, आणि प्रत्येक वेळीं फजित होई. शिक्षकाच्या धंद्यांत आयुष्य घालविलेल्या माणसास ही युक्ति फार शहाणपणाची वाटते. उपदेशाचे दहा परिच्छेद जें करूं शकत नाहींत तें एका फजितीचें चित्र करतें. इंग्लंडांतही तीच हवा होती. १९४५ सालीं राजकन्या एलिझाबेथ यांनीं स्त्रियांच्या सहायक सैन्यदलांत मोटार चालविण्याचें आणि दुरुस्त करण्याचें शिक्षण घेतलें. राजघराण्यांतील मुलीच्या हातास इंजिनाचें तेल लागावें, ही त्या युद्धानें घडविलेली लहान पण अर्थपूर्ण घटना होय.

आतां क्लच झिजतो कसा, हें थोडें खोलांत जाऊन पाहूं. सडकेवर चालणाऱ्या गाडीचा क्लच गाडी सुटतांना क्षणभर घसरतो आणि मग स्वस्थ राहतो. आडरानांत तसें नसतें. चिखल, वाळू, नदीचे गोटे, चढ. चालक भीत भीत पेडल अर्धवट दाबून धरतो आणि गाडी इंचाइंचानें पुढें सरकवितो. त्या प्रत्येक क्षणीं तबकडी घसरत असते आणि तापत असते. जीपच्या रचनाकारांना हें ठाऊक होतें. म्हणून त्यांनीं गिअरबॉक्सच्या मागें आणखी एक पेटी जोडली. तिचा लहान दांडा टाकला कीं वेग निम्मा होतो आणि ओढ जवळजवळ दुप्पट होते. मग गाडी मुंगीच्या गतीनें चालते, पण क्लच पुरा धरलेला असतो. घसरण्याची गरजच राहत नाहीं. हा दांडा वेळेवर टाकणाऱ्याचा क्लच वर्षानुवर्षें टिकतो, आणि जो आळस करतो त्याचा एका पावसाळ्यांत संपतो.

झिजेची खूण देणारी एक सुंदर गोष्ट या रचनेंत आहे. पेडल दाबलें कीं आरंभीं तें थोडें रिकामेंच जातें आणि मग त्यास भार लागतो. युद्धकालीन जीपच्या पुस्तकांत ही रिकामी चाल पाऊण इंच सांगितली आहे. तबकडीचें अस्तर झिजूं लागलें कीं प्रेशर प्लेट पुढें, फ्लायव्हीलकडे, सरकते. तिच्या तीन तरफांचीं आंतलीं टोकें त्याबरोबर मागें येतात आणि त्यांना दाबणाऱ्या बेअरिंगच्या जवळ जाऊन पोंचतात. म्हणजे अस्तर केसभर झिजलें तरी पेडलची रिकामी चाल स्पष्ट कमी होते. ती वेळच्या वेळीं पूर्ववत् करून घेतली तर ठीक. न घेतली तर एक दिवस बेअरिंग तरफांवर कायमचें टेकून राहतें, क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो, घसरूं लागतो, आणि झीज दसपट वेगानें होते. मग चढावर इंजिन ओरडतें पण गाडी हालत नाहीं, आणि करपल्याचा उग्र दर्प गाडीभर पसरतो. ही खूण कळण्यास कारखाना नको, पट्टी नको. पायाच्या तळव्यास ती कळते.

बदलण्याचें काम कष्टाचें आहे, पण गूढ नाहीं. प्रथम बॅटरीची तार काढावी, म्हणजे ठिणगीची भीति नाहीं. दोन्ही पेट्यांतील तेल काढून घ्यावें. गाडीच्या तळाचा मधला पत्रा आणि गिअरचे दांडे काढले कीं पेटी वरून दिसूं लागते. मग खालीं शिरून पुढचा-मागचा प्रोपेलर शाफ्ट, हातब्रेकची तार, वेगदर्शकाची तार आणि क्लचची जोडणी सोडवावी. इंजिनाच्या बुडाखालीं लांकडाचा ठोकळा ठेवून त्यास जॅकचा आधार द्यावा, कारण ज्या आडव्या पट्टीवर पेटी टेकलेली असते ती काढतांच इंजिनाचा मागील भाग निराधार होतो. मग गिअरबॉक्स आणि तिला जोडलेली दुसरी पेटी दोन्ही मिळून सरळ मागें ओढाव्या लागतात. हें धूड एकट्या माणसानें छातीवर घेऊं नये. दोघांनीं किंवा तिघांनीं दोराच्या आधारानें उतरवावें. गाडीखालीं शिरण्यापूर्वी चांगले भक्कम ठोकळे लावावेत. नुसत्या जॅकवर जिवाचा हवाला टाकूं नये.

पेटी बाहेर आली कीं प्रेशर प्लेट दिसते. ती काढण्यापूर्वी तिच्यावर आणि फ्लायव्हीलवर समोरासमोर एक खूण करावी, कारण दोन्ही मिळून तोललेल्या असतात. तिचे बोल्ट एकेक पुरा न काढतां सर्व थोडे थोडे, आळीपाळीनें सैल करावेत. आंत स्प्रिंगा दाबलेल्या असतात, आणि एका बाजूस सैल व दुसऱ्या बाजूस घट्ट असें झालें तर लोखंडी थाळी वांकते. जुनी तबकडी हातीं आली कीं तिचें पुस्तकाप्रमाणें वाचन करावें. रिव्हेटांचीं डोकीं अस्तराच्या पातळीस आलीं असतील तर तिचें आयुष्य संपलें. अस्तर तेलकट असेल तर नवी तबकडी घालणें व्यर्थ. आधीं तेल कोठून येतें तें शोधावें. जुन्या जीपांत इंजिनाच्या मागील बाजूनें तेल पाझरण्याची खोड प्रसिद्ध आहे. फ्लायव्हीलवर निळे डाग असतील तर तें फार तापलें आहे, आणि खोल रेघा असतील तर तें लेथवर घांसून घेतलें पाहिजे.

नवी तबकडी बसवितांना खरी कसोटी लागते. तबकडी, फ्लायव्हीलच्या मध्यावरची बारीक पितळी बुश आणि गिअरबॉक्सचा दांडा, हीं तिन्ही एका रेषेंत आलीं नाहींत तर पेटी आंत जातच नाहीं. माणसें घाम गाळतात, पेटीस शिव्या देतात, आणि दोष मात्र एका केसाच्या चुकीचा असतो. यासाठीं जुना दांडा किंवा त्याच मापाची लांकडी काठी वापरतात. एका तालुक्याच्या गांवीं मी शिक्षक असतां, १९८० नंतरच्या कांहीं वर्षांत, एका मिस्त्रीस हें काम शाळेमागच्या आवारांत करतांना मीं पाहिलें आहे. त्यानें सुताराकडून सागाची काठी तासून घेतली होती. एका टोकास बुशच्या मापाची, पुढें तबकडीच्या भोंकाच्या मापाची. त्यानें ती काठी घातली, बोल्ट आळीपाळीनें आवळले, काठी ओढून काढली, आणि पेटी पहिल्याच धक्क्यास आंत गेली. मीं विचारलें, “इतकें अचूक कसें साधलें?” तो म्हणाला, “गुरुजी, अचूक आमच्या हातांत नाय, काठींत हाय. काठी नीट केली कीं झालं.” मग गाडीच्या चालकाकडे वळून म्हणाला, “अन् अण्णा, तुम्ही पेडलवर पाय ठेवून बसत जाऊं नका. ही प्लेट पावसानं नाय खाल्ली. तुमच्या पायानं खाल्ली.” भूमितीच्या तासाला मीं समाक्षतेची व्याख्या सांगितली असेल; तिचा अर्थ त्या दिवशीं त्या काठीनें सांगितला.

युद्ध संपलें आणि या ज्ञानास घर मिळालें. अमेरिकन सरकारनें हजारों जादा गाड्या विक्रीस काढल्या. पन्नास डॉलरांत खोक्यांत भरलेली नवी कोरी जीप मिळते, ही आख्यायिका तेव्हांपासून तेथें प्रचलित झाली आणि पुढें अनेक वर्षें टिकून राहिली. प्रत्यक्षांत मिळत त्या बहुधा वापरलेल्या, दुरुस्तीस आलेल्या गाड्या. पण त्या घेणाऱ्यांत सैन्यांतून परतलेले तरुण होते, आणि त्यांना त्या उघडतां येत होत्या. १९४५ सालींच विलीजनें शेतकऱ्यांसाठीं जीपची नागरी आवृत्ति काढली. इंग्लंडांत रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स आपल्या अँगलसी बेटावरील जमिनीवर सैन्याची जुनी जीप वापरीत असत. ती निकामी झाल्यावर दुसरी काय घ्यावी, या प्रश्नांतून १९४७ सालीं एका नव्या गाडीची कल्पना निघाली, आणि ३० एप्रिल १९४८ रोजीं ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनांत लँड रोव्हर जगापुढें आली. फिलिपिन्स बेटांत मागें राहिलेल्या जीपा लांबवून, रंगवून लोकांनीं त्यांच्या प्रवासी गाड्या केल्या.

आपल्या देशांत या कथेस निराळा रंग चढला. कैलाशचंद्र महिंद्र युद्धकाळांत वॉशिंग्टन येथें हिंदुस्थानच्या पुरवठा मंडळाचे प्रमुख होते; तेथें त्यांची बार्नी रूस यांच्याशीं गांठ पडली. २ ऑक्टोबर १९४५ रोजीं लुधियाना येथें ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही पेढी स्थापन झाली. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानांत गेले, तेथें पहिले अर्थमंत्री आणि पुढें गव्हर्नर जनरल झाले. १९४८ सालीं पेढीचें नांव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालें. त्या दशकाच्या अखेरीस मुंबईंत माझगांव येथें जीपा जुळविल्या जाऊं लागल्या. त्याच सुमारास, १९४८ सालीं, आपल्या सैन्यासाठीं इंग्लंडमार्फत दुरुस्त केलेल्या जुन्या जीपा मागविण्यांत आल्या. त्यांपैकीं १५५ मद्रासला उतरल्या आणि तपासणींत निकामी ठरल्या. त्यावरून मोठा गदारोळ झाला आणि १९५५ सालीं सरकारनें तें प्रकरण मिटल्याचें जाहीर केलें. राजकारणाचा भाग आपण बाजूस ठेवूं. यंत्राच्या दृष्टीनें त्यांतील धडा एवढाच कीं, कागदावरची दुरुस्ती आणि तबकडी डोळ्यांनीं पाहून केलेली दुरुस्ती या दोन भिन्न वस्तू आहेत.

येथपर्यंतची कथा ऐकून हें सर्व मोठें आनंदाचें प्रकरण वाटेल. आतां त्याची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. झिजलेल्या अस्तराची भुकटी कोठें जाते? ती क्लचच्या घरांत सांचते. पेटी उघडली कीं ती करडी धूळ दिसते, आणि मिस्त्री काय करी? फुंकर मारी, किंवा हवेच्या नळीनें ती उडवी. ती धूळ ॲस्बेस्टॉसमिश्रित होती. १९२४ सालीं इंग्लंडांतील रॉचडेल येथें ॲस्बेस्टॉसच्या गिरणींत काम केलेली नेली कर्शॉ नांवाची तरुण स्त्री वयाच्या ३३ व्या वर्षीं वारली. तिच्या फुप्फुसांत तंतु सांपडले आणि डॉक्टर कुक यांनीं तें वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. १९३० सालीं सरकारी वैद्यकीय निरीक्षक मेरवेदर यांचा अहवाल आला, आणि १९३१ सालीं इंग्लंडांत कारखान्यांतील धुळीविषयीं नियम झाले. म्हणजे जीप जन्मली त्यापूर्वी नऊ वर्षें हें ज्ञान छापलेलें होतें. पुढें १९५५ सालीं रिचर्ड डॉल यांनीं फुप्फुसाच्या कर्करोगाशीं असलेला या धुळीचा संबंध दाखविला, आणि १९६० सालीं दक्षिण आफ्रिकेंतील वॅगनर यांनीं फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाशीं असलेला. इंग्लंडनें या द्रव्यावर पूर्ण बंदी घातली ती १९९९ सालीं.

विचार करण्यासारखी गोष्ट ही कीं, नियम झाले ते गिरणीसाठीं. आपल्या अंगणांत, झाडाखालीं, मुलांना कंदील धरावयास सांगून क्लच उघडणाऱ्या माणसास तो नियम लागू नव्हता आणि ती बातमीही पोंचली नव्हती. चालकाच्या हातीं पुस्तक दिलें, पाना दिला, पाऊण इंचाचें माप दिलें. धुळीचें ज्ञान तेवढें दिलें नाहीं. आज तयार होणाऱ्या पुष्कळ तबकड्यांत कांचतंतु व इतर कृत्रिम तंतु असतात. परंतु जुन्या गाडीच्या पोटांतील धूळ जुनीच असते, आणि अडगळींत पडलेली एखादी जुनी तबकडीही तशीच. म्हणून कोणाच्या घरीं असें काम निघालें तर ती धूळ फुंकूं नये, झाडूं नये. ओल्या फडक्यानें टिपून घ्यावी, फडकें बंद पिशवींत टाकावें, योग्य मुखपट्टी वापरावी आणि मुलांना दूर ठेवावें. एवढी दक्षता घेण्यास फारसा खर्च नाहीं. न घेण्याचा खर्च वीस-तीस वर्षांनीं येतो आणि तो पैशांत मोजतां येत नाहीं.

आतां या तबकडीचें युगही उतरणीस लागलें आहे. पुष्कळ नव्या गाड्यांत क्लचचें पेडल नसतें. विजेच्या गाडींत तर बहुधा क्लचच नसतो, कारण विजेची मोटार, वाफेच्या इंजिनाप्रमाणेंच, उभ्या जागेवरून ओढूं शकते. जो मध्यस्थ पेट्रोलच्या इंजिनाच्या एका उणिवेमुळें जन्मास आला, तो ती उणीव गेल्यावर जाणार, हें स्वाभाविक आहे. त्याबद्दल हळहळ करण्याचें कारण नाहीं. परंतु त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट जाऊं नये असें वाटतें. यंत्राच्या मालकास तें यंत्र उघडतां यावें, त्याचे भाग बाजारांत मिळावेत, ते एकमेकांस बसावेत, आणि उघडतांना त्यांतील धोका त्यास स्पष्ट शब्दांत सांगितलेला असावा, हा जो करार १९४० नंतरच्या त्या कांहीं वर्षांत अर्धामुर्धा झाला होता, तो पुरा करण्याचें काम अजून शिल्लक आहे. त्या वेळीं पहिलीं तीन कलमें पाळलीं गेलीं आणि चौथें राहून गेलें. पुढें पुष्कळ ठिकाणीं चौथें पाळलें जाऊं लागलें आणि पहिलीं तीन सुटूं लागलीं. गाडीचें बोनेट उघडलें कीं आंत झांकणावर झांकण दिसतें, आणि मालकास हात लावण्याजोगें फारच थोडें उरतें.

सुशिक्षित घरांत यंत्राचें ज्ञान हें मिस्त्रीचें काम मानण्याची आपली जुनी रीत आहे. मुलास पाढे येतात, सनावळ्या येतात. पण ज्या गाडींत तो रोज बसतो ती कशाच्या आधारानें हालते, हें त्यास ठाऊक नसतें. त्यानें स्वतः क्लच बदलावाच असा माझा आग्रह नाहीं. तो बदलला जात असतां त्यानें जवळ, पण धुळीपासून लांब, उभें राहून पाहावें, आणि बदलणाऱ्यास चार प्रश्न आदरानें विचारावेत. त्या उत्तरांत पुष्कळ इतिहास असतो, आणि तो सांगणारी माणसें दिवसेंदिवस कमी होत आहेत.